वाचक विचारतात: कातडं कापणारा महापौर आणि त्याचे बटाटे

गेल्या अंकात एका उत्तरात जाता जाता अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या एका जुन्या महापौराचं नाव टाकलं होतं, हेझन पिंग्री, आणि एवढंच म्हटलं होतं की मूळचा बूट करणारा हा माणूस, मंदीत त्यानं बेकारांना शहरातल्या पडीक जागा देऊन बटाटे लावायला लावले. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. आयकर, सातबारा आणि कुत्र्याच्या लायसन्सवाल्यांनी एक अंक दम धरावा.

सर, तो महापौर खरंच हातानं बूट करायचा, की नुसता कारखान्याचा मालक? आमच्यात पण असले लई 'कारागीर' आहेत, ज्यांनी आयुष्यात रापी धरलेली नाही.
एक चप्पल कारागीर, सुभाषनगर

रापी धरलेलाच होता, मामा. १८४० चा जन्म, मेन राज्यातल्या डेन्मार्क नावाच्या खेड्यात (देश नव्हे, खेड्याचंच नाव ते), घरी बेताची शेती. चौदाव्या वर्षी घर सोडून कापडगिरणीत लागला, पुढं मॅसॅच्युसेट्समधल्या हॉपकिंटनला बुटाच्या कारखान्यात कटर झाला. कटर म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार, एका कातड्यात किती जोड बसवायचे आणि कात्रण किती पडू द्यायचं हे त्याच्या हातात, मालकाचा नफा तिथंच ठरतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं महापौर झाल्यावर पण हा गडी दर वेळी तेच विचारत बसला, की यात माल किती, मजुरी किती आणि मधलं कोण खातंय.

मधेच अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध आलं. १८६२ ला तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये भरती झाला, १८६४ ला दक्षिणेकडच्यांनी पकडला आणि थेट अँडरसनव्हिलच्या छावणीत. तिथं वर्षभरात जवळपास तेरा हजार कैदी उपासमारीनं, हगवणीनं मेले, त्यामुळं तिथून जिवंत येणं हीच मोठी गोष्ट. पिंग्री सुटला तो कसा, तर कैद्यांच्या अदलाबदलीची हजेरी चालू असताना दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाला 'हजर' म्हणून ओरडला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. मग परत आपल्या पलटणीत, लढाई संपेपर्यंत.

१८६५ ला डेट्रॉइटला आला, आधी दुसऱ्याच्या कारखान्यात काम केलं, आणि १८६६ ला चार्ल्स स्मिथ नावाच्या भागीदाराबरोबर एक बारका बुटाचा कारखाना विकत घेतला. वीसेक वर्षांत तिथं सातशेच्या आसपास माणसं कामाला, वर्षाची उलाढाल दहा लाख डॉलरच्या घरात. म्हणजे महापौर झाला तेव्हा तो मालकच होता, पण कातडं हातात घेतलं की त्याला कळायचं.

असला श्रीमंत माणूस राजकारणात आला कशाला? आणि आल्यावर श्रीमंतांचंच बघितलं असणार की!
स्पर्धा परीक्षा करणारी, मंगळवार पेठ

ताई, आणलं होतं त्यासाठीच. १८८९ ची निवडणूक, शहरात दोन लाखांवर वस्ती, महापालिकेत कंत्राटदारांची आणि कौन्सिलरांची मिलीभगत, कर वाढत चाललेले. रिपब्लिकन पक्षाच्या व्यापारी मंडळींना वाटलं की आपल्यातलाच एक सरळ धंदेवाला बसवू, खर्च कमी करील, कर कमी करील, आपल्याला त्रास देणार नाही. पिंग्री आधी तयारच नव्हता, मला बूट करण्यातून वेळ नाही म्हणाला. मग उभा राहिला तो मात्र गल्लोगल्ली फिरला, जर्मन वस्ती, पोलिश वस्ती, आणि आयरिश लोकांच्या दारूच्या दुकानात जाऊन चारचौघांत पेला रिकामा केला, कारण हा चर्चवाला सोवळा माणूस आहे अशी आवई उठवली होती. निवडून आला, आणि दोन दोन वर्षांच्या चार निवडणुका जिंकला.

परीक्षेसाठी लिहून घे, तिकडं महापौर थेट लोकांनी निवडलेला आणि कारभार बराचसा त्याच्याच हातात. आपल्याकडं नगरसेवक महापौर निवडतात, कायद्यानं अडीच वर्षांसाठी, आणि खरी सही आयुक्तांची. कोल्हापुरात तर ती अडीच वर्षं पण वाटून खायची पद्धत, चार महिने तू, सहा महिने मी, खुर्ची गरम व्हायच्या आत हार दुसऱ्याच्या गळ्यात. त्यामुळं 'महापौरानं शहर बदललं' हे वाक्य आपल्याला जरा परग्रहावरचं वाटतं.

आता श्रीमंतांचं काय झालं ते. आल्या आल्या त्यानं रस्ते बघितले. डेट्रॉइटचे रस्ते तेव्हा देवदाराच्या लाकडी ठोकळ्यांचे, पावसात कुजायचे, उन्हाळ्यात पेटायचे सुद्धा, आणि वर्षा दोन वर्षांनी परत तेच कंत्राट त्याच टोळीला. त्यानं हिशेब मागितला, विटांचे आणि डांबराचे रस्ते चालू केले. इथपर्यंत व्यापारी खूश होते. पण मग त्यानं गॅस कंपनीला विचारलं की दुसऱ्या शहरात स्वस्त, मग आमच्याकडं महाग का, मग ट्राम कंपनीला विचारलं, वीज कंपनीला विचारलं, आणि या कंपन्यांचे शेअर कुणाकडं होते तर ज्यांनी त्याला निवडून आणलं त्यांच्याकडंच. तिथं फाटलं. बँकेच्या संचालक मंडळावरून त्याला काढलं, चर्चमधली घराण्याची बसायची जागा सुद्धा गेली, जुने दोस्त समोरून आले की रस्त्याची दुसरी बाजू धरायचे. माझ्या मते साधू वगैरे होऊन तो बदलला नाही, हिशेबाची वही घेऊन बसला आणि वही जिकडं घेऊन गेली तिकडं गेला.

मी केएमटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. ऐकलंय की त्यानं ट्रामचं तिकीट तीन सेंटवर आणलं. तिकीट कमी करून गाडी चालते होय? सविस्तर सांगा.
एक वाचक, कसबा बावडा

सांगतो काका, कारण या माणसाच्या आयुष्यातली खरी कुस्ती हीच. बटाटे नंतर आले.

डेट्रॉइटची ट्राम खासगी कंपनीकडं. बाकीच्या शहरांत विजेच्या गाड्या धावायला लागल्या तरी यांच्या गाड्या घोड्यांवरच, तिकीट पाच सेंट, आणि आधीच्या कौन्सिलनं करार गुपचूप १९०९ पर्यंत वाढवून दिलेला. १८९१ च्या एप्रिलमध्ये ट्रामच्या कामगारांनी संप केला, युनियन केली म्हणून माणसं काढली हे कारण. आणि गंमत बघा, गावानं कामगारांची बाजू घेतली. लोकांनी गाड्या अडवल्या, रूळ उखडले, यात पिंग्रीच्या स्वतःच्या कारखान्यातले लोक पण होते म्हणे. कंपनी म्हणाली सैन्य बोलवा. पिंग्री म्हणाला नाही बोलवत, लवादाकडं जा आणि मिटवा. कंपनीला नमावं लागलं. आपल्याकडच्या टोलच्या आंदोलनात सगळ्या पेठा, सगळ्या तालमी, सगळे पक्ष एकदम रस्त्यावर आलेले ज्यांनी बघितलंय त्यांना ते वातावरण डोळ्यासमोर येईल.

त्याच वर्षी कंपनीनं कौन्सिलकडनं नवा तीस वर्षांचा करार पास करून घेतला, त्यानं व्हेटो मारला. मग कोर्टात गेला, तिथं एकदा जिंकला, वरच्या कोर्टात हरला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता जाऊ दे. यानं वेगळी वाट काढली, ज्या रस्त्यांवर जुन्या कंपनीचा हक्क नव्हता ते रस्ते जोडून तिथं एक नवी कंपनीच उभी करायला लावली, अट एकच, दिवसा तिकीट साधारण तीन सेंट. १८९५ ला ती गाडी सुरू झाली, आणि लोक जुनी सोडून नवीत चढायला लागल्यावर जुन्या कंपनीला घाम फुटला.

तुमचा प्रश्न, तीन सेंटमध्ये चालते का. त्याचं म्हणणं असं होतं की कंपनी जो खर्च दाखवते त्यात अर्धा खर्च गाडीचा नाहीच, फुगवलेल्या शेअरवरचा डिव्हिडंड आणि व्याज आहे, ते काढा आणि मग दर सांगा. यात तथ्य होतं. पण हे पण सांगायला पाहिजे की पुढं दोन्ही कंपन्या एकाच मालकीच्या झाल्या आणि स्वस्ताई आखडत गेली, ट्राम शहराच्या मालकीची करायचं त्याचं स्वप्न त्याच्या हयातीत झालं नाही. ते १९२२ ला झालं. त्या काळात डेट्रॉइटच्या ट्राम धंद्यात असलेला टॉम जॉन्सन नावाचा माणूस पिंग्रीशी भांडला, त्याचं बघून शिकला, आणि नंतर क्लीव्हलँडचा महापौर होऊन स्वतःच तीन सेंटच्या तिकिटासाठी लढला, म्हणजे विरोधकालाच चेला करून सोडलं.

दिव्यांचं मात्र पूर्ण जिंकला. रस्त्यावरच्या दिव्यांचं कंत्राट खासगी, उंचच्या उंच लोखंडी मनोऱ्यांवर आर्क दिवे लावलेले, बिल भरमसाट. त्यानं लोकांचं मतदान घेतलं आणि १८९५ ला शहराचं स्वतःचं वीज केंद्र चालू केलं, आणि एका दिव्याला नक्की किती पडतं हे पहिल्यांदाच सगळ्यांना आकड्यात दिसलं. एकदा शहर स्वतः वीज करायला लागलं की खासगीवाला वाटेल तो दर सांगू शकत नाही, एवढं साधं गणित.

बटाट्याचं सांगा. जमीन कुणाची, बियाणं कुणाचं, पाण्याचं काय? आणि बेकार माणूस बटाटा येईपर्यंत खाणार काय?
एक शेतकरी, गडहिंग्लज

पाटील, तुमच्यासारखा प्रश्न तेव्हा डेट्रॉइटच्या पेपरवाल्यांनी पण विचारला होता, फक्त तो टिंगल म्हणून.

१८९३ ला अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या, कारखाने बंद. डेट्रॉइटमध्ये हजारो कुटुंबं, त्यातली बरीच पोलिश आणि जर्मन, शहराच्या मदतीवर. मदतीचा पैसा संपत आला आणि वरनं म्हणणारे होतेच की हे लोक आळशी आहेत. पिंग्रीनं बघितलं की शहराच्या कडेला मोकळे प्लॉट नुसते पडून आहेत, भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेले. १८९४ च्या उन्हाळ्यात त्यानं मालकांना आवाहन केलं की पीक निघेपर्यंत वापरायला द्या, मालकी तुमचीच, विकायची झाली तर घ्या परत. सुमारे ४३० एकर जमली. एका कुटुंबाला पाव ते अर्धा एकर, म्हणजे आपले दहा ते वीस गुंठे. अर्ज तीन हजारांवर, जागा पुरली ती साडेनऊशेच्या आसपास कुटुंबांना. नांगरट करून दिली, बटाटा, घेवडा, सलगम असलं बियाणं दिलं, आणि तीन चार भाषांत छापलेल्या सूचना दिल्या कारण निम्म्यांना इंग्रजी येत नव्हतं.

बियाण्याच्या पैशासाठी त्यानं चर्चना हाक मारली. श्रीमंत शहर, भरलेली चर्च, आणि गोळा झाले पुरते चौदा डॉलर पण नाहीत. मग भाऊनं स्वतःचा लाडका जातिवंत घोडा लिलावात काढला, तो सुद्धा किमतीच्या मानानं मातीमोल गेला. लोकांनी त्यावर पण हसून घेतलं, पेपरात व्यंगचित्रं, 'बटाटा पिंग्री' हे नाव तिथूनच चिकटलं.

पाणी पावसाचंच. लावणी उशिरा, जून उजाडला, वर ते वर्ष कोरडं. तरी पीक आलं, आणि घातलेल्या पैशाच्या तिपटीहून जास्त किमतीचा माल निघाला. कसा निघाला याचं उत्तर तुम्हीच द्याल, हे बेकार लोक मूळचे युरोपातले शेतकरी, कारखान्यात येऊन चार वर्षं झाली म्हणून हात विसरत नाहीत. ज्यांना 'आळशी' म्हणत होते ते बायका पोरांसकट पहाटे प्लॉटवर, आणि चोरी होईल म्हणून रात्रीची राखण पण.

पीक येईपर्यंत खाणार काय, तर शहराची नेहमीची मदत चालू होती, ती बंद केली नव्हती. मोबदल्यात फुकट जेवणाऐवजी हिवाळ्यासाठी पोत्यांनी बटाटा घरात आला आणि शहराचा पुढचा खर्च वाचला. पुढच्या वर्षी शहरानं स्वतःच पैसे दिले आणि कुटुंबं वाढली. न्यूयॉर्क, बफेलो, फिलाडेल्फिया असल्या शहरांनी ही आयडिया उचलली, फिलाडेल्फियात तर १८९७ ला सुरू झालेलं काम तीसेक वर्षं चाललं. डेट्रॉइटमध्ये मात्र मंदी हटली, कारखाने सुरू झाले आणि प्लॉटवर घरं आली, बंद पडलं. मालकांना तेच हवं होतं.

दोघा तिघांनी विचारलंय की कोल्हापुरात असं करता येईल का. करा की. पण आधी शहरात रिकामा प्लॉट दाखवा ज्याच्यावर बोर्ड नाही, कुंपण नाही आणि कोर्टात केस नाही.

शाळेच्या बोर्डाची लाच त्यानं पकडली म्हणतात, ते काय प्रकरण?
एक शिक्षिका, कागल

हे छोटंच आहे पण झणझणीत आहे. १८९४ च्या ऑगस्टमध्ये, इकडं बटाटे वाढत होते तेव्हा, स्कूल बोर्डाचे काही मेंबर शाळांच्या खरेदीत पैसे खातायत याचे पुरावे त्यानं गोळा केले. मग भर मीटिंगला जाऊन उभा राहिला, म्हणाला ज्यांनी खाल्लेत त्यांनी आत्ता राजीनामे द्यावेत. कुणी हललं नाही. मग बरोबर आणलेल्या पोलिसांनी तिथंच चौघांना धरलं. बाई, तुमच्या शाळेतल्या खरेदीबद्दल तुम्ही पत्रात जे लिहिलंय ते मी छापत नाही, समजून घ्या.

तुम्ही तर त्याला पार देव केलात. काहीतरी वाईट असेलच की. नसेल तर सांगा, फोटो लावतो घरात.
एक वकील, राजारामपुरी

फोटो थांबवा वकीलसाहेब. १८९६ ला हा गडी मिशिगनचा गव्हर्नर निवडून आला आणि म्हणाला, मी महापौर पण राहणार. दोन्ही खुर्च्या! जानेवारी १८९७ पासून खरंच दोन्हीवर बसला, शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं एक सोड, तेव्हा महापौरपद सोडलं. त्याचं कारण होतं, की मी गेलो की कंपन्या परत शहर गिळतील, पण हे कारण प्रत्येक खुर्चीवाल्याकडं असतंच.

बोलायला उर्मट, विरोध केला की माणूस विकला गेलाय असंच समजायचा. पक्षाची यंत्रणा मोडतो म्हणाला आणि स्वतःची यंत्रणा उभी केली, आपल्या माणसांना जागा दिल्या. आणि सगळ्यात वाईट शेवटी झालं, त्याच्या गव्हर्नरकीत राज्याच्या लष्करी सामानाचा घोटाळा निघाला, चांगला माल भंगार म्हणून विकायचा आणि तोच नवा म्हणून चढ्या भावानं परत घ्यायचा. जन्मभर कंत्राटदारांचा हिशेब तपासणाऱ्या माणसानं पद सोडता सोडता यातल्या दोषी अधिकाऱ्यांना माफी दिली. ते मला आजपर्यंत पटलेलं नाही. चांगलं पण त्याच काळातलं आहे, रेल्वे कंपन्या इतरांच्या मानानं किरकोळ कर भरायच्या, त्यांच्या मालमत्तेचं मूल्यांकन करायला लावलं आणि बरोबरीच्या कराचा रस्ता मोकळा केला, फायदा पुढच्यांना झाला.

१९९३ ला तिकडं इतिहासाच्या तज्ज्ञांनी अमेरिकेतल्या सगळ्या महापौरांत त्याला चौथा नंबर दिला होता. चौथा बरोबर वाटतो मला, पहिला नको.

आपल्या शाहू महाराजांच्या काळातलाच ना हा? भेट झालेली का कधी?
एक आजोबा, शिवाजी पेठ

काळ अगदी तोच आजोबा. महाराजांच्या हाती कारभार आला २ एप्रिल १८९४ ला, आणि पिंग्रीचे बटाटे त्याच उन्हाळ्यातले. पुढं दोनेक वर्षांत इकडं दुष्काळ आणि प्लेग एकदम आले तेव्हा महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं आणि दुष्काळी कामं काढली, म्हणजे उपाशी माणसाला काम आणि धान्य द्यायचं ही गोष्ट जगाच्या दोन टोकांना एकाच दशकात चालली होती. भेट मात्र नाही. महाराज लंडनला गेले १९०२ ला, इंग्लंडच्या राजा एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी, आणि पिंग्री त्याच लंडनमध्ये आदल्या वर्षी, १८ जून १९०१ ला वारला. आफ्रिकेत शिकारीला गेला होता, परत येताना आतड्याचं दुखणं बळावलं, राजा एडवर्डनं आपले डॉक्टर पाठवले तरी उपयोग झाला नाही. डेट्रॉइटच्या ग्रँड सर्कस पार्कमध्ये त्याचा पुतळा आहे, १९०४ चा, लोकवर्गणीतून केलेला, खुर्चीत बसलेला पिंग्री.

असला महापौर तिकडं राष्ट्राध्यक्ष कधी झाला का? आणि बाई महापौर कधी झाली?
दोघी मैत्रिणी, इचलकरंजी

एकाच पोस्टकार्डावर दोन प्रश्न, काटकसर आवडली.

राष्ट्राध्यक्ष झाला, ग्रोव्हर क्लीव्हलँड. १८८२ च्या जानेवारीत बफेलोचा महापौर, रस्ते झाडायचं कंत्राट कौन्सिलनं सगळ्यात कमी बोलीवाल्याला सोडून लाखभर डॉलर जास्त मागणाऱ्याला दिलं ते त्यानं नामंजूर केलं आणि नाव झालं, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचा गव्हर्नर, १८८५ ला व्हाइट हाऊस. झाडूच्या कंत्राटावरून तीन वर्षांत दिल्ली गाठल्यासारखं.

बाई झाली ती १८८७ ला, कॅन्सस राज्यात अर्गोनिया नावाच्या बारक्या गावात, सुझॅना सॉल्टर, वय २७. तिचं नाव काही टवाळ पुरुषांनी तिला न विचारता मुद्दाम यादीत टाकलं होतं, की दारूबंदीवाल्या बायकांची फजिती होईल. कॅन्ससमध्ये बायकांना गावच्या निवडणुकीत मत नुकतंच मिळालेलं. मतदानाच्या दिवशी सकाळी माणसं घरी आली, निवडून आलात तर पद घ्याल का विचारायला, ही हो म्हणाली आणि दोन तृतीयांश मतं घेऊन आली. वर्षभर कारभार केला, पगार मिळाला एक डॉलर, परत उभी राहिली नाही. १०१ वर्षं जगली, १९६१ ला वारली, टवाळांची नावं आता कुणाला माहीत नाहीत.